मोठ्या जावेचा वाडगा

५ जून, तालुक्याची कोठडी

तोर्गिन,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो लिहिलाय असं समज. आज लिहायला माझा हात होत नाही.

हे पत्र एर्सायीन घेऊन येईल, नवरा म्हणून तेवढा तरी उपयोग. तुमच्या वरच्या कुरणावर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी माझा फोन इथे दारातच काढून घेतला. पट्टा काढला, कानातलं काढलं, डोक्याच्या रुमालाची पिनसुद्धा काढली. कागद आणि पेन्सिल मात्र देतात.

आधी कामाचं. सासूबाईंना यातलं काही कळता कामा नये. त्यांना सांग की मोठी सून अल्माटीला लेकीकडे गेलीय, लेकीची परीक्षा आहे, आईच्या हातचं जेवायचं म्हणत होती. खोटं बोलणं तुझ्या जिवावर येतं हे मला ठाऊक आहे. लग्न होऊन आलीस तेव्हापासून आमच्या घरात सरळपणाचं सगळं श्रेय तुझ्याच नावावर आहे. एकदा मोड ते व्रत.

आता झालं काय ते सांगते, नाहीतर लोक तिखटमीठ लावून सांगतील.

घोडीच्या दुधाचं, हंगामाचं पहिलं आंबवलेलं किमिझ प्यायला सगळं गाव तुझ्या तंबूत लोटलं होतं. त्यातल्या तिघी म्हाताऱ्यांना घेऊन संध्याकाळी मी गाडी खाली काढली. मागे तिघींचं गाणं चालू होतं. कुणाला खरचटलंही नाही हे आधीच लिहून ठेवते. पुलापाशी वाहतूक पोलीस उभे होते. एक कोवळ्या मिशांचा पोरगा खिडकीशी आला, वास घेतला आणि म्हणाला, "काय घेतलंय?"

"किमिझ."

"आणि किमिझबरोबर?"

"बौरसाक. तळलेले. तुला हवेत?"

कामकाआजीने मागून तोंड घातलं. "काय रे, घोडीच्या दुधावर माणसं पकडायला लागलास? तुझ्या वेळेला तुझी आई काय लिंबाचं सरबत पीत होती?"

"आजी, या यंत्राला घोडी कळत नाही आणि बाटलीही कळत नाही," तो म्हणाला. "फुंका." 

फुंकलं. त्याने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा आवाज एकदम सरकारी झाला. गाडी त्यांनी ठेवून घेतली. मला इस्पितळात नेलं. तिथे व्यसनांची डॉक्टरीण होती, तिने जमिनीवरच्या पट्टीवरून चालायला लावलं, डोळे मिटून बोट नाकाला लावायला लावलं, रक्त घेतलं. मी सरळ चालले असं मला वाटत होतं. ती मान खाली घालून बराच वेळ लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. न्यायाधीशबाई माझ्याच वयाच्या. त्यांच्यासमोर एक फोन होता आणि त्यात मी होते. कुणीतरी तुझ्या तंबूतलं टिपून जगभर पाठवलंय. हातात वाडगा, रुमाल मागे सरकलेला, आणि मी मोठ्याने म्हणतेय, "हे किमिझ आहे की सबेचं चामडं धुतलेलं पाणी? पाळण्यातल्या पोराला बादलीभर पाजा, कूससुद्धा बदलणार नाही." मागे सगळे हसतायत. तू हसत नाहीयेस. तू खाली बघून पुढचा वाडगा भरतेयस.

बाईंनी मला त्यावरून एक प्रश्न विचारला आणि मी एक उत्तर दिलं. काय दिलं ते तुला कशाला?

पंधरा दिवस कोठडी आणि सात वर्षं परवाना रद्द. कायद्यात ठरलेलंच आहे म्हणाल्या, त्यांच्या हातात काही नाही. मग कारकुनाने विचारलं, "चौदा वर्षांखालचं मूल आहे का?" लहान मूल असलेल्या बाईला कोठडीत टाकत नाहीत म्हणे, दंड करून घरी सोडतात. माझी लेक वीस वर्षांची. मला तू आठवलीस, तुझी तिघं आठवली, त्यातलं धाकटं तर अजून अंगावर पितं. तुला इथेही सोडलं असतं. तुला सगळीकडेच सोडतात.

दर वाडगा संपला की तू भरत होतीस. मधे एकदा कानाशी येऊन काहीतरी पुटपुटलीस, त्या गोंगाटात मला काही ऐकू आलं नाही.

सासूबाईंचे गुडघे चोळतेस ना? अस्वलाची चरबी मी कपाटात खालच्या फळीवर ठेवायचे. तू ती कुठे ठेवतेस कोण जाणे.

बागिला


११ जून, कोठडी

तोर्गिन,

एर्सायीन म्हणाला की पत्र वाचून तू काहीच बोलली नाहीस, त्याला जेवायला वाढलंस आणि घोड्या दोहायला गेलीस. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. "किती समजूतदार आहे बघ," म्हणाला. नवऱ्यांना दुसऱ्याच्या बायकोचं गप्प बसणं फार समजूतदार वाटतं.

इथे माझ्याबरोबर गालिना म्हणून एक आहे, बाजारात पाव विकते. स्वतःच्याच वाढदिवसाला पिऊन स्वतःच्याच दुकानाच्या पायरीवर गाडी चढवली. तिला माझी हकीकत सांगितली तर ती खाटेवर उठून बसली. "दुधावर पकडलेली मी पहिल्यांदाच बघतेय," म्हणाली. आता रोज सकाळी चहाच्या वेळी मला विचारते, "बागिला, दूध घालू की तुला चढेल?"

हसून घे तूही. मग पुढचं वाच, कारण पुढचं तुझ्याशिवाय होणार नाही.

एर्सायीनने वकील आणलाय. अजून हनुवटीवर मुरुमं असलेला मुलगा, पण कायदा पाठ आहे. त्याने मला न्यायाधीशबाईंचा प्रश्न आणि माझं उत्तर वाचून दाखवलं. तुला सांगायचं टाळलं होतं, आता सांगावं लागतंय. बाईंनी विचारलं होतं, "तुम्हीच म्हणताय की त्या किमिझात काही दम नव्हता. मग हा आकडा आला कुठून?"

तोर्गिन, मला तिथे दोनच उत्तरं होती. माझ्या धाकट्या जावेचं किमिझ कडक होतं, हे एक. ते माझ्या घशातून बाहेर येईना. मी म्हणाले, "निघताना थोडी व्होडका घेतली."

व्होडकेला मी आयुष्यात जीभ लावलेली नाही. सासऱ्यांच्या चाळीस दिवसांच्या जेवणालासुद्धा मी पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवला होता. वकील हे ऐकून डोकं धरून बसला. "काकू, असं कोण करतं?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुझं लग्न झालं की तुझ्या बायकोला आणि भावाच्या बायकोला विचार.

तर त्याचं म्हणणं असं. कायदा काय प्यायलं ते विचारत नाही, प्यायलं की प्यायलं. पण वरच्या कोर्टात अर्ज केला आणि वाडगा भरणारीने स्वतः येऊन सांगितलं की या बाईला मी वेगळं, जास्त मुरलेलं दिलं आणि तिला सांगितलं नाही, तर तिला कळत नव्हतं असं तरी म्हणता येईल. आशा चिमूटभर आहे. तेवढीच आहे.

आणि तू वेगळं दिलंसच. मी आंधळी नाही. बाकी सगळ्यांचे वाडगे तू दारातल्या लाकडी पिंपातून भरत होतीस, ताजं, फेसाळ. माझा वाडगा घेऊन तू दरवेळी आत जायचीस, कोपऱ्यातल्या चामड्याच्या सबेकडे. पहिल्याच वेळी मी ते टिपलं. म्हटलं, पाहुण्यांना ताजं आणि घरच्या मोठ्या सुनेला तळचं उरलंसुरलं. म्हणून मी ते बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, आणि वाडगा रिकामा करून पुन्हा तुझ्यापुढे धरला. घाल, किती शिळं घालतेस ते बघते.

त्या सबेला धुरी कोण द्यायचं माहीत आहे का तुला? तू यायच्या आधी अकरा वर्षं मी द्यायचे. तिची एकेक शिवण मला हाताने सांगता येते. डोळे चुरचुरायचे, पण सासूबाई सबेत नाक घालून म्हणायच्या, "बागिलाच्या धुराला वास आहे." मग धाकट्याचं लग्न झालं. थोरल्याने वेगळं व्हायचं आणि आईबापांची चूल धाकट्याने राखायची, ही रीत काही तू काढली नाहीस, मला कळतं. पण सामान गाडीवर चढवताना मी सबेला हात लावला तर सासूबाई म्हणाल्या, "ती राहू दे ग. ती घराची आहे." त्या दिवसापासून मी घराची नाही. तुझ्या किमिझाची तालुक्यात तारीफ होते तेव्हा ती सबेची होते आणि सबेला चव माझ्या धुराची आहे, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. हेवा म्हण याला. मी दुसरं नाव देत नाही.

तेव्हा ये आणि सांग. एवढं तरी माझं देणं लागतेस.

बागिला


१४ जून, वरचं कुरण

जाऊबाईंना तोर्गिनचा नमस्कार.

पत्र मिळालं. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमच्या वाडग्यात शिळं नव्हतं. पाच दिवस मुरवलेलं होतं. पिंपातलं एका दिवसाचं होतं, ते गावासाठी. सबेतलं आईंनी फक्त तुमच्यासाठी राखायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मोठी माझ्या हातच्या किमिझावर वाढलीय. तिच्यापुढे पातळ ठेवशील तर मला लाज आणशील." रात्री उठून मीच घुसळत होते, धाकट्याला पाठीला बांधून. तुम्ही पाणी म्हणालात तेव्हा मला रडू आलं होतं, पण घरात पाहुणे होते.

घोड्या दर दोन तासांनी दोहाव्या लागतात. यांना घोड्या जवळ येऊ देत नाहीत, मागच्या वर्षी एकीने यांना शेणात बसवलं होतं. तरी एक दिवस काढतील कसातरी. कोर्टाची तारीख कळवा, मी येते.

तुम्ही म्हणता तसं सांगेन. मी तुमच्या कानाशी काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नाही असं तुम्ही लिहिलंय. बरं. मी सांगितलंच नाही, असं सांगेन.

चरबी मी खालच्या फळीवरच ठेवते. तुम्ही ठेवायचात तिथेच.

तोर्गिन


२३ जून, घर

तोर्गिन,

सुटले त्याला चार दिवस झाले. गालिनाने निरोप देताना मिठी मारली आणि म्हणाली, "ताकसुद्धा जपून पी."

तारीख सत्तावीस आहे. सकाळी ये, वकील कोर्टाच्या दारात भेटेल.

तुझं पत्र मी कोठडीत वाचलं आणि घडी घालून बुटात ठेवलं. दोन दिवस त्यावर चालले. सासूबाईंनी फक्त माझ्यासाठी राखायला सांगितलं, हे तू मला त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगू शकली असतीस. सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते. पण तू कशाला सांगशील? तू खाली बघून वाडगे भरणार आणि मी तोंड वर करून वेडी ठरणार. ही तुझी जुनी तऱ्हा आहे. तू कधी भांडत नाहीस, त्यामुळे भांडखोर कोण ते आपोआप ठरतं.

आणि ते "बरं". "बरं" म्हणजे काय ग? शिव्या दिल्या असत्यास तर मी उत्तर दिलं असतं. "बरं"ला मी काय उत्तर देऊ?

गावात कुणी काही म्हणत नाही. म्हणत नाही हेच वाईट. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "बागिलाताई, दूध नको ना आज?" आणि मग स्वतःच गोरामोरा झाला. बाजाराच्या दिवशी बायका रस्त्यावर पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या, सवयीने, माझ्या गाडीची वाट बघत, आणि मग एकमेकींकडे बघून पांगल्या. शेवटी पलीकडच्या गावच्या माणसाची गाडी धरली, तो दुप्पट घेतो आणि वाटभर सिगारेट ओढतो. शाळा उघडली की पोरांना कोण नेणार, हे कुणी मला विचारत नाही. सात वर्षांत पहिलीतलं पोर मिशी फुटून बाहेर पडेल.

एर्सायीनचा एक डोळा गेलेला, त्याला परवाना मिळणार नाही. तो मात्र मजेत आहे. "तुम्हा दोघींचा टपालवाला झालोय," म्हणतो. "पगार नाही, पण दोन्हीकडे जेवायला मिळतं. तिच्याकडे जरा बरं मिळतं." हे शेवटचं त्याने बोलायला नको होतं. त्या रात्री त्याने उकडलेले बटाटे खाल्ले.

ती गाडी माझी आहे, तोर्गिन. घर धाकट्याचं, घोड्या धाकट्याच्या, सबा घराची. गाडी मात्र कुणी राखून दिली नव्हती मला, ती मी मिळवली. स्टिअरिंगवर बसले की मी कुणाची थोरली सून नसते. ती आता पोलिसांच्या आवारात उभी आहे आणि तिच्या काचेवर कुत्र्याने पाय ठेवलाय असं एर्सायीन सांगत होता.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. वकिलाला नाही, नवऱ्याला नाही. तिसऱ्या वळणावर, तो लाल कडा आहे ना, तिथे माझं डावं चाक रस्त्याबाहेर गेलं होतं. खाली नदी दिसली. मी कशीबशी आत ओढली. मागे तिघी गातच होत्या, कामकाआजीचं कपाळ खिडकीला आपटलं तर ती म्हणाली, "हळू ग, सूर चुकला." तिघींना वाटलं रस्ता खराब आहे. पुलावर तो पोरगा नसता तर त्याच्यापुढे अजून किती वळणं होती, ते मी मोजत नाही. तूही मोजू नकोस. हे पत्र वाचून जाळ.

येताना ती निळी मखमली बंडी घालू नकोस. कोर्ट आहे, लग्न नाही.

बागिला


३० जून, घर

तोर्गिन,

सत्तावीसला आपण दिवसभर बरोबर होतो आणि दहा वाक्यंही बोललो नाही. समोरासमोर मला जमत नाही. म्हणून हे.

तू निळी बंडीच घातली होतीस. दुसरी नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. मुलाला पाठीशी बांधून, दुधाचे हात नीट न पुसता तू कोर्टाच्या पायरीवर उभी होतीस आणि तो मुरुमवाला वकील तुला खुर्ची द्यायला धावला. मला त्याने कधी दिली नव्हती. ते बघून मला जे झालं ते झालं, लपवत नाही.

आत ते खोकणारे म्हातारे न्यायाधीश. त्यांनी तुला विचारलं, "जास्त मुरलेलं आहे, हे तुम्ही यांना सांगितलंत का?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुझे कान लाल झाले होते. पंधरा वर्षांत मी तुला खोटं बोलताना पाहिलेलं नाही, आणि तू तोंड उघडून म्हणालीस, "नाही. माझी चूक झाली. मी सांगायला हवं होतं."

कारकून ते लिहून घेत होता. लिहिलं की ते खरं होणार होतं. गाव म्हणणार होतं, धाकटीने थोरलीला न सांगता पाजलं, वर गाडी चालवायला लावलं. ते तुझ्या नावाला चिकटणार होतं आणि तू ते खाली बघून घेतलं असतंस, वाडगे भरत. आणि कोण जाणे, मला कदाचित परवाना परत मिळाला असता.

मी उठून उभी राहिले. वकिलाने बाही ओढली. ती अजून उसवलेली आहे.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

"काय सांगितलं होतं?"

"'जाऊबाई, हे पाच दिवसांचं आहे. बेताने घ्या, तुम्हाला गाडी चालवायचीय.' कानाशी येऊन सांगितलं. मला नीट ऐकू आलं."

न्यायाधीश खोकायचे थांबले. "आणि तरी प्यायलात?"

"म्हणूनच प्यायले."

"व्होडका?"

"व्होडका नव्हती. हिच्या हातचंच होतं, आणि तालुक्यात त्याच्या तोडीचं नाही."

कारकुनाने ते लिहावं की नाही म्हणून वर बघितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली, तेव्हा त्याने लिहिलं. पाच मिनिटांत निकाल झाला. सात वर्षं कायम.

एर्सायीन आता गावभर सांगत सुटलाय की बागिलाला पश्चात्ताप झाला, तिचं मन मोठं आहे. तू ते ऐकशील म्हणून खरं काय ते तुला लिहिते, कारण माझं मन किती मोठं आहे ते तुला पक्कं माहीत आहे. मला सहन झालं नाही. घर तुझं, सबा तुझी, सासूबाई तुझ्याकडे, तीन मुलं तुझी, आणि आता माझा परवानाही तू दिलेला? सात वर्षं मी रोज सकाळी किल्ली फिरवायची आणि रोज मनात म्हणायचं की ही तोर्गिनच्या खोट्यावर चालतेय? त्यापेक्षा पायी चालेन, म्हटलं. सरळपणात तरी एकदा तुझ्या पुढे जायचं होतं मला. गेले. त्याचं सुख बाहेर दारापर्यंत टिकलं. मग ते तिसरं वळण आठवलं, आणि सात वर्षं जास्त झाली असं मला म्हणता येईना.

आवाराच्या फाटकावर काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने काय झालं ते माहीत नाही. पहारेकऱ्याने कागद बघितले आणि म्हणाला, "गाडी परवाना असलेल्यालाच मिळेल. कोण नेणार?" मी त्याला एर्सायीनच्या डोळ्याची कथा सांगायला लागले, आणि तू मुलाला माझ्या हातात देऊन बंडीच्या आतल्या खिशातून परवाना काढलास. कॉलेजात असताना काढलेला, म्हणालीस. मुदत संपली तेव्हा नवा करून घेतला, पण एकदाही वापरला नाही. पंधरा वर्षं तो तू बाळगलास आणि मला कधी बोलली नाहीस. मी विचारलं, का? तू म्हणालीस, "गाडी तुमची होती ना, जाऊबाई."

त्या वेळी तुझं पोर माझ्या खांद्यावर लाळ गाळत होतं, नाहीतर मी काहीतरी बोलले असते.

फाटकातच तू गाडी दोनदा बंद पाडलीस. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. वाटभर मी तुला क्लच शिकवला आणि तू वाटभर "बरं" म्हणालीस. या वेळी ते "बरं" कानाला टोचलं नाही, कारण तुझं कपाळ घामाने भिजलं होतं. लाल कड्यापाशी तू मला न विचारता गाडी पहिल्या गिअरवर आणलीस आणि पार आतून, कड्याला घासून नेलीस. म्हणजे तू पत्र जाळायच्या आधी नीट वाचलंस.

घरी पोचल्यावर तू पिशवीतून एक दुधाची बरणी काढलीस आणि चाचरत म्हणालीस, "आईंनी दिलंय. त्यांना सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून." फोनवरचं ते त्यांना कुणीतरी दाखवलं होतं म्हणे. अल्माटीची कथा तू सांगितलीस तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या. ते बोलणं तू कुठून उचललंस ते मला आता कळलं.

आणि त्यांचा निरोप. तू सांगताना हसू दाबत होतीस, मी बघितलं. "मोठीला म्हणावं, सबेतलंच आहे, सात दिवसांचं. आता तिला कुठे गाडी चालवायचीय? पोटभर पी म्हणावं."

तू गेल्यावर मी एकटी बसून प्यायले. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. फार चांगलं झालंय, तोर्गिन. माझ्यापेक्षा चांगलं. माझ्या धुराला इतका वास कधीच नव्हता. हे मी एकदाच लिहितेय, कुणाला दाखवशील तर नाही म्हणेन.

सप्टेंबरात घोड्या आटतात, तुम्ही खाली येता, आणि शाळा उघडते. पोरं नेहमीसारखी विहिरीपाशी उभी राहतील. किल्ली खुंटीला आहे. मी शेजारच्या सीटवर बसेन आणि तुझ्या प्रत्येक गिअरला नावं ठेवेन, तेवढं ऐकून घ्यावं लागेल.

तू बुटकी आहेस म्हणून सीट पुढे ओढली होतीस. मी आज काच पुसायला गाडीत बसले तर गुडघे स्टिअरिंगला लागले. दोनदा हात खाली गेला, मागे ढकलायला. ढकलली नाही. आहे तशीच ठेवलीय.

आशीर्वाद. या वेळी लिहिलाय.

बागिला